चाफा नंबर तीन

४ जून १९८९, रविवार. दुपारी.
विमा एजंटने ८६ साली दिलेली ही डायरी कपाटात कोरीच पडली होती. टाकायची कशाला? वार चुकीचे छापलेत, ते खोडून बरोबर घालीन. सकाळी बुद्धवंदना, मग घरकाम, मग दोन ओळी. मॅट्रिकला मराठीत बासष्ट होते मला. कुणी वाचणार नाही, तेव्हा सगळं खरंच लिहायचं. खोटं न बोलण्याचं चौथं शील कागदालाही लागू आहे असं मी मानते.

आज ह्यांनी चहाचा घोट घेतला आणि कप खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिले. दूध कधीचं, म्हणाले. सकाळचंच, म्हटलं. मीही तोच चहा प्यायले, मला तर काही वाटलं नाही. राहनाळच्या गोडाऊनवर चोवीस वर्षं स्टोअरकीपर आहेत, पोत्यांच्या धुळीने ह्यांची जीभ गेलेली असणार.

६ जून, मंगळवार.
सोमा आला. हा माझा धाकटा दीर, बायको द्रौपदीसह मागच्याच गल्लीत राहतो. अठरा वर्षं पॉवरलूमवर काढली. छातीत कापूस बसलाय, आमच्या तीन पायऱ्या चढला तरी उंबऱ्यावर बसून खोकतो. सहा महिने सुट्टीच्या दिवशी अत्तरवाल्या चाचांच्या दुकानात बसून शिकला आणि आता सोनचाफ्याचं सेंट काढणार म्हणतो. तेलातलं, स्पिरिट नसलेलं, म्हणजे दारूला न शिवण्याच्या पाचव्या शीलालाही धक्का नाही. पडघ्याचा एक दुकानदार हायवेवरच्या ट्रक ड्रायव्हरांना विकायला घेणार आहे. त्याची अट एकच, चाफा खरा वाटला पाहिजे. तसं झालं तर सोमा लूम सोडणार. लूमच्या शेठने काय ते ठरवायला पंधरा जुलैपर्यंत मुदत दिलीय, नंतर त्याच्या जागेवर बदली माणूस.

चार शिश्या पुढे ठेवल्या. चिठ्ठ्या लावलेल्या, एक ते चार. म्हणाला, वहिनी, हुंगून हुंगून माझं नाक बधिर झालंय. द्रौपदी म्हणते, वहिनी हो म्हणाल्या तरच लूम सोडा, नाहीतर घरात पाऊल टाकू नका. आता तुम्हीच.

माझं नाक आमच्या वस्तीत प्रसिद्धच आहे. रेशनच्या तेलात भेसळ आहे हे मी डब्याचं झाकण उघडायच्या आत सांगितलं होतं. शेजारच्या गुणाबाईच्या घरात उंदीर मेलाय हे गुणाबाईच्या आधी मला कळलं होतं. रविवारी रिझल्ट देते, म्हटलं.

संध्याकाळी ५. चारही हुंगल्या. तेल फारच हलकं वापरलंय पोराने. वास धरतच नाही.

७ जून, बुधवार.
तुलना करायची तर शेजारी खरं फूल पाहिजे. विहाराच्या अंगणात सोनचाफा आहे, पण ती फुलं वंदनेची. वाहायचं फूल हुंगायचं नसतं ही माझ्या आईची शिकवण. माघात मला तो मोठा ताप आला तेव्हापासून तर मी हा नियम फारच कडक पाळते.

आता तुलना कशी करायची? विचार करायला पाहिजे.

८ जून, गुरुवार.
तोडगा सापडला. झाडाखाली पडलेलं फूल वाहत नाहीत, तेव्हा ते हुंगायला हरकत नाही. सकाळी सहाला गेले. महिला मंडळाच्या आनंदीबाई अंगण झाडत होत्या. त्या वळल्याबरोबर दोन फुलं उचलून पदराआड घेतली. चांगली, पिवळीजर्द, कुठे डाग नाही. हुंगली. काही नाही. पडल्यावर वास उडूनच जात असणार. शिवाय हल्ली झाडांना खत मारतात, फुलांत पूर्वीसारखा जीव राहिलेला नाही. गुलाबाचंही मी माघापासून हेच बघतेय.

आनंदीबाई म्हणाल्या, कलावती, पदराखाली कुणाला फुंकर घालतेस? म्हटलं, चाफ्याचा अभ्यास चाललाय. त्या म्हणाल्या, कर बाई, झाडू मोकळा आहे तोही कर.

१० जून, शनिवार.
सरावाने फरक कळायला लागला. नोंदी:
१. उग्र. २. गोड, पण बुळबुळीत गोड. ४. डोकं धरतो.
३ बद्दल अजून मत झालेलं नाही.

अभ्यासात असताना तव्यावर भाकरी राहिली. गुणाबाई धावत आली, चुलीपुढनं मला बाजूला ढकललं. अगं धूर कोंडलाय घरात, नाक आहे का बटण लावलंय तोंडाला? म्हटलं, माझं नाक दुसऱ्या कामात आहे. ती कपाटाशी थांबली, इकडेतिकडे बघत म्हणाली, फणस आणलास आणि सांगितलं नाहीस? दोन गरे तरी दे की. फणसाचा सीझन आहे, कुणाच्या तरी घरात कापला असेल. गुणाबाईच्या जिभेला सगळीकडे खाणंच दिसतं. तिला तिसऱ्या शिशीचं बूच काढून दाखवणार होते, पण मत माझं आधी झालं पाहिजे.

११ जून, रविवार.
रिझल्ट पुढे ढकलला. सोमाला सांगितलं, घाईने दिलेला निकाल टिकत नाही. तो बरं म्हणाला आणि खोकला.

द्रौपदीला बोलावलं, तिच्यापुढे चारही ठेवल्या. तुला काय वाटतं ते मोकळेपणी सांग, म्हटलं. तिने एकच शिशी हुंगली, तिसरी. बूच लावलं. म्हणाली, तुम्ही आधी सांगा. म्हटलं, तू आधी. ती म्हणाली, वहिनी, तुमच्यापुढे मी काय नाक काढू? शेवटी चहा केला. तिने अर्धा ठेवला.

१५ जून, गुरुवार.
आमच्या घरातून बाजारात जायला एकच धड वाट, ती सोमाच्या दारावरून जाते. आठवडाभर भाजी दारावरच्या गाडीवाल्याकडून घेतली. तो एका भेंडीमागे एक जून भेंडी घालतो, पण इलाज नाही. आज मीठच संपलं. डोक्यावरून पदर ओढून गटाराच्या बाजूने फिरून गेले, तर बरोबर अत्तरवाल्या चाचांच्या दुकानासमोर निघाले.

चाचा उठून उभे राहिले. आइये बहनजी, सोमा आपकी नाक की बडी तारीफ करता है. कापसाचा बोळा एका बाटलीत बुडवून माझ्यापुढे धरला. बताइये, क्या है? म्हटलं, अच्छा है. ते म्हणाले, वो तो है, मगर कौन सा? म्हटलं, बहुत अच्छा है. दुकानात बसलेले दोन म्हातारे पण माझ्याकडे बघायला लागले. आमच्यात बाहेरच्या माणसाकडचं हुंगत नाहीत, असं सांगून निघाले. असा काही नियम आमच्यात नाही. पण नियम करायला काय हरकत आहे? आजपासून केला.

मीठ विसरले.

१६ जून, शुक्रवार.
कपाट उघडलं की चारही शिश्या माझ्याकडे बघतात. आज त्या तांदळाच्या डब्यामागे ठेवल्या. मग तांदूळ काढायला भीती वाटायला लागली. रात्री पोळ्या केल्या. हे म्हणाले, आज भात नाही? म्हटलं, रोज भात खाल्ल्याने माणूस सुस्तावतो.

ठराव: उद्या सोमाला सांगायचं की मंडळाच्या कामामुळे मला वेळ नाही, दुसरं कुणी बघ.

१७ जून, शनिवार.
सांगायला गेले. सोमा पाळीवरून येऊन भिंतीला टेकून बसला होता. श्वास घेताना छातीत शिट्टी वाजत होती, मला बाहेरून ऐकू आली. मला बघून केवढ्या लगबगीने उठला. वहिनी, झालं का? म्हटलं, उद्या.

१८ जून, रविवार. सकाळी.
सायन्सचा उपयोग करायचा ठरवला. मॅट्रिकला मला सायन्सही होतं. पदार्थाचे गुण एकमेकांना धरून असतात. खरा चाफा पिवळाजर्द. एक आणि दोन पाण्यासारखे, चार किंचित पिवळट. तीन नंबर बरोबर फुलाच्या रंगाचा. उजेडात दोन्ही शेजारी धरून बघितलं. शंकाच नको.

दुपारी २.
रिझल्ट दिला. सगळे जमले होते, हे, सोमा, द्रौपदी, मधे गुणाबाई. मी तिसरी शिशी उचलली, डोळे मिटले, दीर्घ श्वास घेतला आणि हं म्हटलं. चाफा हा शब्द मी उच्चारला नाही. हं म्हणजे खोटं नव्हे, ते चौथ्या शीलात येत नाही.

सोमाने हात जोडले. गुणाबाईने हुंगून भुवया वर केल्या, पण मी बोलून गेल्यावर म्हणाली, हो हो, आता तू म्हणतेस तर चाफाच. ह्यांनी हुंगून शिशी खाली ठेवली आणि चप्पल शोधायला गेले. द्रौपदी माझ्याकडे नीट बघत म्हणाली, मग ठरलं म्हणायचं? ठरलं, म्हटलं.

डोक्यावरचं ओझं उतरलं. दोन दिवसांनी भात केला.

२२ जून, गुरुवार.
घरात माशा फार झाल्यात. कपाटापाशी तर घोंगावतात. नगरपालिकेने गटार उपसलं नाही त्याचा परिणाम. माशा मारायच्या नाहीत, पहिलं शील, म्हणून दिवसभर टॉवेल फिरवते. उजवा खांदा धरलाय.

२५ जून, रविवार.
चार दिवस मनात उगाच काहीतरी येतंय. म्हणून आज शहानिशा करून टाकली. रुमालावर निलगिरीचे थेंब घालून जोरात ओढला. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. म्हणजे नाक व्यवस्थित चालू आहे. बंद असतं तर डोळ्यांना कळलं असतं का?

आता चिंता बंद.

२ जुलै, रविवार.
सोमाने कुपीसारख्या छोट्या बाटल्या भरल्या. वर लेबलं चिकटवली, मी खळ करून दिली. द्रौपदी लेबलं सरळ करत होती, मधेच थांबून म्हणाली, वहिनी, तुम्ही शेवटचा एकदा हुंगून घ्या. म्हटलं, एकदा दिलेला निकाल मी फिरवत नाही. ती म्हणाली, नाही, मी आपलं म्हटलं. सोमा लगेच म्हणाला, वहिनींना कशाला त्रास?

एसटीने दोन खोकी घेऊन पडघ्याला गेला. जाताना एकदाही खोकला नाही. माझ्या एका शब्दावर एका माणसाची छाती मोकळी होतेय! वंदनेला बसले तेव्हा हे दहा वेळा मनात आलं. अहंकार नको म्हणून अकराव्या वेळी आवरलं.

९ जुलै, रविवार.
सोमा दोन्ही खोकी घेऊन परत आला. बरोबर दुकानदारही आला होता, दाराबाहेर मोटारसायकलवर बसूनच बोलला. म्हणाला, सोमाभाऊ, ह्यो चाफा न्हाय, ह्यो पिकलेला फणस हाय. एका ड्रायव्हरनं केबिनीत लावला तं नाशिकपर्यंत माशा संगं घेऊन गेला. कसाऱ्याच्या घाटात त्याला पुढचा रस्ता दिसंना. परत येऊन माझ्या दुकानात बाटली आपटली. आता माझ्या दुकानातबी माशा. कोनी पास केला ह्यो?

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, तुम्ही गाडीच्या टपावर उन्हात ठेवला असेल, चाफा उन्हात बदलतो. तो म्हणाला, बाय, चाफा बदलल पन फणस नाय होनार. आन जुलैत ऊन कुठं हाय?

गुणाबाई तिच्या उंबऱ्यावरून म्हणाली, मी त्याच दिवशी दोन गरे मागितले होते.

द्रौपदीने खोकी उचलून घरी नेली. माझ्याशी एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

११ जुलै, मंगळवार.
द्रौपदी नळावर भेटली, हंडा उलटा ठेवून माझी पाळी होईपर्यंत दुसरीकडे बघत राहिली. विहारात आनंदीबाईंनी फुलं निवडायचं काम माझ्याकडून काढून सतरंज्या झटकायचं दिलं. कुणी काही म्हणत नाही. घरात बसलं तर माशा, बाहेर पडलं तर सोमाचं दार.

दोष कुणाचा हे मी शांतपणे तपासलं. चाफ्याला फणसाची छटा असतेच. ट्रक ड्रायव्हरांना बारकावे कळत नाहीत.

१४ जुलै, शुक्रवार.
उद्या शेठची मुदत संपते. सकाळी हे राहनाळला गेल्यावर सोमा एकटाच आला. पायरीवर बसला. म्हटलं, सोमा, माझं चुकलं असेल तर मी द्रौपदीची माफी मागते. सांगते तिला, माझ्या नाकाने या वेळी दगा दिला.

तो खाली बघत म्हणाला, तसं काही करू नका. वहिनी, तुम्हाला वास येत नाही हे मला ठाऊक होतं. माघापासून. तुम्ही मला नासक्या दुधाचा चहा दिलात, स्वतः प्यालात, वर म्हणालात वेलची जरा जास्त झाली. म्हणून तर तुम्हाला विचारलं.

मला आधी समजलंच नाही. म्हणून तर म्हणजे?

म्हणाला, डबाभर तीन नंबर मी आधीच बनवून बसलो होतो. चाचा म्हणाले, यह नहीं चलेगा. मला वाटलं, ड्रायव्हर लोकांना काय कळतंय, चालून जाईल. द्रौपदी मात्र तुमच्या शब्दाशिवाय लूम सोडू देईना. दुसऱ्या कुणाला विचारलं असतं तर तो फणस म्हणाला असता.

मी विचारलं, आणि बाकीच्या तीन शिश्या? म्हणाला, त्यात काय, नुसतं तेल. चौथ्यात थोडी हळद पडली होती. मी चिडून म्हटलं, आणि मी एक नंबर म्हटलं असतं तर? तो म्हणाला, चिठ्ठ्या बदलल्या असत्या.

मग हात जोडले. द्रौपदीला कळलं तर ती माहेरी निघून जाईल, वहिनी. तुमचं नाक चुकलं एवढंच राहू द्या.

उठला, खोकला आवरत गेला. दहा जूनचं पान काढून बघितलं. उग्र, बुळबुळीत गोड, डोकं धरतो. पान फाडणार होते, पण मागच्या बाजूला अकरा तारीख आहे.

१५ जुलै, शनिवार.
सोमा शेठकडे जाऊन जागा राखून आला. सोमवारपासून परत लूमवर.

मी कात्रीत सापडलेय. माझं नाक चुकलं म्हटलं तर ते खोटं, ते चुकायला जागेवर पाहिजे ना. नाक चुकलं नाही म्हटलं तर सोमाचं घर मोडतं. गप्प बसते. गप्प बसणं शीलात येतं का, हे आनंदीबाईंना विचारावं तर त्या सतरंजी हातात देतील.

१६ जुलै, रविवार.
दुपारी द्रौपदी आली. ताटात काहीतरी झाकून आणलं होतं, ते ओट्यावर ठेवलं आणि दार लोटून घेतलं. म्हणाली, वहिनी, एकच विचारते. मी घाईने म्हटलं, द्रौपदी, दोष माझा, मला मुळात वास...

ते राहू द्या हो, ती म्हणाली. ते मला माघातच कळलंय, सगळ्या वस्तीला कळलंय. मी विचारतेय, आमच्या ह्यांना कळलं होतं का?

मी कपाटाकडे बघितलं, माशीकडे बघितलं. हं सुद्धा म्हणता येईना, माझ्या हं चा आता कुणाला भरवसा नाही.

द्रौपदी खाली बसली आणि खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. मी पाणी आणायला उठले तर ही बया हसत होती. पदर तोंडात कोंबून हसत होती. म्हणाली, अहो वहिनी, मी पहिल्याच दिवशी ती तिसरी हुंगली. फणस! पण रोज पहाटे ते उठून बसतात, श्वास पुरत नाही, ते मला बघवत नव्हतं. मी सोडा म्हटलं असतं आणि उद्या चूल थंड पडली असती तर आयुष्यभर माझ्या नावाने बोललं गेलं असतं. म्हटलं, वहिनींना हो म्हणू दे. तुम्ही कशालाही हो म्हणाला असता, ते माहीतच होतं.

मी विचारलं, मग त्यादिवशी लेबलं लावताना परत हुंगा का म्हणालीस?

हसणं थांबलं तिचं. म्हणाली, ऐनवेळी भ्यायले हो. वाटलं, तुम्हीच थांबवाल.

ताट तसंच ठेवून गेली. फणसाचे गरे होते. चांगले गोड लागले.

१७ जुलै, सोमवार.
सोमा लूमवर गेला नाही. काल रात्री द्रौपदीने त्याला तोंडावर सांगितलं, उद्यापासून जायचं नाही, सेंट चालो न चालो. सकाळी दोघं आली, ह्यांच्याशी बोलली. ह्यांनी राहनाळला शब्द टाकायचं कबूल केलं, पोत्यांची आवकजावक लिहायला माणूस पाहिजेच आहे. पगार लूमपेक्षा कमी. द्रौपदी म्हणाली, भागवीन. सगळं पंधरा मिनिटांत ठरलं. चहासुद्धा द्रौपदीनेच केला, मला उठू दिलं नाही. माझं मत कुणी विचारलं नाही.

ती गेल्यावर मी ह्यांना म्हटलं, वस्तीला माहीत होतं म्हणे. तुम्हालाही? हे म्हणाले, पाच महिने करपलेलं जेवतोय. म्हटलं, मग बोलला का नाहीत? म्हणाले, तू रोज म्हणायचीस, आज कसं खमंग झालंय. एवढी खूश असायचीस. आणि पेपर वाचायला लागले.

१९ जुलै, बुधवार.
सरकारी दवाखान्यात गेले. एकटी जाणार होते, पण गुणाबाई गुडघा दाखवायला माझ्यामागेच रांगेत. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कधीपासून? माघापासून, म्हटलं. म्हणाल्या, मग इतके दिवस आला का नाहीत? मी म्हटलं, फुलांना खत मारतात ना हल्ली... पुढचं वाक्य जमेना.

त्यांनी डोळे मिटायला सांगितले आणि एक बाटली नाकाशी धरली. कशाचा वास येतो, सांगा.

मागून गुणाबाई कुजबुजली, अगं नीट हुंग, नीट.

नीट हुंगलं. म्हटलं, कशाचाच नाही.